व्यसन, जनुके आणि मेंदूची स्मृती
(तिरुवैयारु येथे दिलेले व्याख्यान)



 तिरुवैयारूचे नाव घेताच साऱ्या भारताला त्यागराजांचे स्मरण होते. १८४७ साली ते निवर्तले. परंतु आजही दरवर्षी पौष वद्य पंचमीला कावेरीच्या तीरावर शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. अशा ठिकाणी दारू आणि अफू यांच्याविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ते तसे नाही. बालपणी गुरूजवळ घोटलेली कृती साठाव्या वर्षीही गायकाच्या कंठात का टिकून राहते, हा एक प्रश्न आहे. दारू सोडून वर्ष लोटलेल्या माणसाला दुकानासमोरून जाताना अकस्मात अनावर तहान का लागते, हा दुसरा प्रश्न आहे. मेंदूच्या दृष्टीने हे दोन्ही प्रश्न एकाच कुळातले आहेत. पुनःपुन्हा घडलेल्या गोष्टीने मेंदूत काहीतरी टिकाऊ बदल केलेला असतो. हा बदल कोणता, याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ जनुकांच्या दारी येऊन पोहोचले. त्या शोधाची हकीकत आणि तिच्यातून आपण घ्यावयाचा बोध, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. आपल्या घरांतून व्यसनाविषयी दोन समजुती खोलवर रुजलेल्या आहेत. पहिली समजूत अशी की, द्रव्य एकदा शरीरातून निघून गेले की माणूस बरा झाला. त्यानंतर तो पुन्हा त्या वाटेला गेला तर तो कृतघ्न तरी असला पाहिजे किंवा नादान तरी. दुसरी समजूत नेमकी उलट टोकाची आहे. 'बाप प्यायचा, मुलगाही पिणारच. रक्तातच आहे,' असे म्हणून लोक प्रयत्नच सोडून देतात. या दोन्ही समजुतींनी माणसांचे संसार उद्ध्वस्त होतात. पहिलीमुळे आजारी माणूस घराबाहेर हाकलला जातो, तर दुसरीमुळे त्याला उपचारालाच नेले जात नाही. जनुके आणि मेंदू यांविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, ते या दोन्ही समजुतींना खोटे ठरवते.

प्रश्नाचा विस्तार किती आहे हे आधी पाहू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्याच्या दुष्परिणामांसाठी मदतीची गरज आहे. तमिळनाडूला हा प्रश्न नवा नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने १९३७ साली सालेम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. पुढे ती सर्व प्रांतात पसरली. १९७१ मध्ये ती उठली, नंतर पुन्हा आली आणि पुन्हा उठली. १९८३ मध्ये मद्यव्यापारासाठी शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याकडे आली. दारूबंदी असावी की नसावी, हा वाद मी येथे काढणार नाही. मात्र दुकान उघडे असो वा बंद, ज्याला व्यसन एकदा जडले आहे त्याच्या मेंदूत काय उरते, हा प्रश्न कायद्याच्या कोणत्याही अवस्थेत शिल्लकच राहतो.

या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने प्रथम लक्ष वेधणाऱ्यांपैकी एक म्हणजे अब्राहम विकलर. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे अफूच्या व्यसनाधीन लोकांसाठी १९३५ साली एक मोठे शासकीय रुग्णालय उघडण्यात आले होते. तेथे विकलर यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. कित्येक महिने द्रव्याला स्पर्शही न केलेले रुग्ण गटाने बसून द्रव्याविषयी बोलू लागले की, काहींना जांभया येत, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागे. अफू तोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात जी लक्षणे दिसतात, तीच ही लक्षणे होत. महाराष्ट्रातील गर्दचे व्यसनी या यातनांना 'टर्की' म्हणतात. शरीरात द्रव्याचा लवलेशही नसताना केवळ बोलण्याने टर्की सुरू व्हावी, याचा अर्थ उघड आहे. द्रव्य गेले होते, परंतु मेंदूने त्याची आठवण ठेवली होती.

ही आठवण मेंदूत कोठे साठते? १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या त्या भागाला विजेचा सौम्य स्पर्श होई. काही विशिष्ट भागांत तार बसवलेले उंदीर ती कळ अविरत दाबत राहिले. अन्न, पाणी, सोबत यांची गोडी ज्या मार्गाने प्राण्याला कळते, त्या मार्गाचा हा सुगावा होता. या मार्गावरील मज्जापेशी डोपामाइन नावाचे रसायन सोडतात आणि ते मेंदूच्या तळाजवळील न्यूक्लियस ॲक्युंबेन्स या लहानशा केंद्रात पोहोचते. दारू, अफू, गर्द, कोकेन, तंबाखू यांची रासायनिक जात निरनिराळी असली, तरी ही सारी द्रव्ये शेवटी या केंद्रातील डोपामाइनचे प्रमाण वाढवतात.

डोपामाइन म्हणजे सुखाचे रसायन, अशी एक सोपी व्याख्या पुष्कळदा ऐकू येते. ती अपुरी आहे. व्होल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामाइनच्या पेशी उद्दीपित होतात. परंतु रसापूर्वी एक दिवा लागतो हे माकडाला कळून चुकले, की त्याच पेशी रस मिळताना शांत राहतात आणि दिवा लागताच उद्दीपित होतात. म्हणजे डोपामाइनचे मुख्य कार्य शिकवण्याचे आहे. 'या खुणेकडे लक्ष दे, हिच्यामागे काहीतरी मोलाचे आहे,' असे ते मेंदूला बजावते. दारूच्या दुकानाची पाटी, पेल्याचा आवाज, पगाराचा दिवस, जुन्या मित्राची हाक या व्यसनी माणसाच्या मेंदूला लागलेल्या अशाच खुणा आहेत. अन्नाने मिळणारा संदेश पोट भरताच ओसरतो. द्रव्याने मिळणारा संदेश मात्र प्रत्येक वेळी पूर्ण जोराने येतो. म्हणून त्याने दिलेला धडाही अतिशय पक्का होतो.

आता जनुकांकडे वळू. जनुक हा शब्द ऐकताच आपल्या मनात वंशपरंपरेचा विचार येतो. परंतु जनुकांचे काम जन्माबरोबर संपत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिने कशी बनवावीत याची सुमारे वीस हजार पाठांची पोथी आहे. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत पोथी एकच असते. फरक असतो तो कोणते पाठ वाचले जातात यात. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली जीवाणूंवरील संशोधनातून हे दाखवून दिले की, जनुकांचे वाचन गरजेप्रमाणे सुरू किंवा बंद करणारी यंत्रणा पेशीतच असते. तुम्ही आज जे शिकलात ते उद्या लक्षात राहावयाचे असेल, तर मज्जापेशींना काही पाठ नव्याने वाचावे लागतात, नवी प्रथिने तयार करावी लागतात आणि परस्परांतील जोड बळकट करावे लागतात. तात्पुरती आठवण अशा वाचनावाचून चालू शकते. दीर्घकालीन आठवण त्याखेरीज घडत नाही.

येथून सुमारे १३ किलोमीटरांवर तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहे, हे आपणांस सांगावयास नको. त्यात ताडपत्रांवरील आणि कागदावरील हजारो हस्तलिखिते आहेत. मराठा राजवटीची साक्ष देणारी मराठी बाडे आणि मोडी कागदही तेथे आहेत. अशा एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करा. काही पोथ्या दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून बासनात बांधलेल्या आहेत. त्या कोणी वाचीत नाही. काहींची गाठ सैल आहे. त्या सहज उघडतात. पेशीकेंद्रातही असेच असते. एका पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या रिळांना ॲसिटिल नावाचे रासायनिक गट चिकटले की गुंडाळी सैल होते आणि त्या भागातील जनुके वाचली जातात. काही ठिकाणी मिथिल गट चिकटले की गाठ घट्ट होते. पोथीतील एक अक्षरही यामुळे बदलत नाही. बदलते ते इतकेच की कोणते बासन उघडे आहे आणि कोणते बंद. व्यसनाचे टिकाऊ परिणाम समजून घेण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

द्रव्य पुनःपुन्हा घेतले गेले तर न्यूक्लियस ॲक्युंबेन्समध्ये काय घडते? एरिक नेस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या संशोधनात दोन प्रथिने पुढे आली. इतर जनुकांचे वाचन चालू-बंद करणे हेच त्यांचे काम आहे.

पहिल्याचे नाव क्रेब. द्रव्याचा मारा सुरू झाला की क्रेब जागृत होते आणि डायनॉर्फिन या रसायनाच्या जनुकाचे वाचन वाढवते. डायनॉर्फिन डोपामाइनला आवर घालते. त्यामुळे पूर्वीच्या मात्रेने पूर्वीचा आनंद मिळेनासा होतो, मात्रा वाढत जाते, आणि द्रव्य नसेल तेव्हा मन उदास व बेचैन होते. परंतु क्रेबचा हा प्रभाव द्रव्य थांबल्यावर काही दिवसांत ओसरतो. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाची जी तडफड होते, तिचा काही भाग येथून येतो.

दुसऱ्याचे नाव डेल्टा-फॉस-बी. फॉस-बी या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचे हे आखूड रूप आहे. याच कुळातील इतर प्रथिने काही तासांत मोडून जातात. डेल्टा-फॉस-बी मात्र आखूड असल्यामुळे सहजासहजी मोडत नाही. ते कित्येक आठवडे टिकते. एका मात्रेने ते थोडेसेच निर्माण होते. परंतु कालचे शिल्लक असतानाच आज नवे येते आणि उद्या त्यात भर पडते. अशा रीतीने ते साठत जाते. कोकेन, अफूवर्गीय द्रव्ये, मद्य, निकोटिन या सर्वांच्या दीर्घकाळच्या सेवनाने ते साठल्याचे प्राण्यांत दिसले आहे. कोकेनच्या व्यसनी व्यक्तींच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी केली असता त्यांतही त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. १९९९ साली नेस्लर यांच्या गटाने असे उंदीर तयार केले की ज्यांच्या मेंदूच्या या भागात डेल्टा-फॉस-बी मुद्दाम वाढवता येई. हे उंदीर कोकेनला अधिक संवेदनशील ठरले. पुढील प्रयोगांत असे दिसले की, असे उंदीर कोकेन मिळवण्यासाठी इतरांपेक्षा अधिक कष्ट करतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. डेल्टा-फॉस-बी हे काही दुष्ट प्रथिन नव्हे. उंदीर आपखुशीने चाकावर धावत राहिला किंवा त्याला गोड पाणी मिळत राहिले, तरीही ते वाढते. आवडीच्या गोष्टीकडे चित्त लावावे, तिच्यासाठी श्रम सोसावेत, यासाठीच निसर्गाने ही योजना केलेली दिसते. द्रव्य या योजनेचा ताबा घेते. आरंभी मी शिकण्याचा आणि व्यसनाचा एकत्र उल्लेख केला तो यासाठीच. व्यसन हे मेंदूच्या शिकण्याच्या शक्तीवरच उभे असते. म्हणूनच ते इतके चिवट असते.

तथापि डेल्टा-फॉस-बीदेखील काही आठवड्यांनी नाहीसे होते. मग महिनोन्महिने आणि वर्षानुवर्षे काय टिकते? ज्या जनुकांचे वाचन या प्रथिनांनी बदलले, त्यांचे परिणाम मागे राहतात. अमेरिकेतील टेरी रॉबिन्सन व कॅनडातील ब्रायन कोल्ब यांना १९९०च्या दशकात असे आढळले की, ॲम्फेटामाइन किंवा कोकेन वारंवार दिलेल्या उंदरांच्या मज्जापेशींच्या शाखांवरील सूक्ष्म उंचवटे वाढतात आणि ही वाढ द्रव्य थांबल्यावरही दीर्घकाळ राहते. एका पेशीचा संदेश दुसरीला मिळतो तो याच उंचवट्यांवर. म्हणजे पेशींच्या जोडणीचा नकाशाच बदलतो. दुसरीकडे, बासनांच्या गाठीही बदललेल्या आढळल्या. २००५ साली असे दाखवण्यात आले की, दीर्घकाळ कोकेन दिल्यास काही विशिष्ट जनुकांभोवतीच्या हिस्टोनांवर ॲसिटिल गट वाढतात. २०१० साली असे दिसले की, गाठ घट्ट ठेवणारे एक विकर कोकेनमुळे कमी पडते आणि एरवी बंद असणारी जनुके उघडी पडतात. ते विकर प्रयोगात मुद्दाम वाढवले असता कोकेनची ओढ कमी झाली.

या साऱ्याचा प्रत्यक्ष वर्तनावर कसा परिणाम होतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून लक्षात येईल. उंदरांना कोकेनची सवय लावून नंतर ते पूर्णपणे बंद केले, आणि कोकेनशी निगडित असलेल्या खुणा त्यांना वेगवेगळ्या दिवशी दाखवल्या. आपली अपेक्षा अशी असेल की, दिवस जातील तशी ओढ ओसरेल. घडले उलटे. द्रव्य सुटल्यानंतर पहिल्या दिवसापेक्षा महिन्याने, आणि महिन्यापेक्षाही दोन महिन्यांनी, खुणेने जागणारी ओढ अधिक तीव्र होती. उंदरांचे दिवस आणि माणसांचे दिवस यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. परंतु घरी परतलेला रुग्ण 'आता दोन महिने झाले, आता काय धोका?' असे म्हणत असेल, किंवा घरचे लोक तसे म्हणत असतील, तर त्यांनी हा प्रयोग जरूर आठवावा. शरीर सुधारते, चेहऱ्यावर तेज येते, भूक लागते. आणि नेमक्या त्याच काळात मेंदूतील खुणेची ओढ वाढत असण्याचा संभव असतो.

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तो आपल्या मुलांशी संबंधित आहे. डेनिस कँडेल यांनी १९७५ साली असे दाखवले होते की, तरुण बहुधा एका ठराविक क्रमाने द्रव्यांकडे वळतात. आधी दारू आणि सिगारेट, मग इतर द्रव्ये. हा केवळ संगतीचा परिणाम की त्यामागे मेंदूचे काही कारण आहे? स्मृतीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले त्यांचे पती एरिक कँडेल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली असे दाखवले की, उंदरांना आधी निकोटिन आणि मग कोकेन दिले तर कोकेनचा परिणाम अधिक होतो. उलट क्रमाने दिले तर तसे होत नाही. निकोटिनमुळे हिस्टोनांवरील गाठी आधीच सैल झालेल्या असतात, आणि फॉस-बी जनुकाचे वाचन त्यानंतर अधिक जोराने होते. शाळेबाहेरच्या टपरीवर मिळणारी तंबाखूची पुडी ही क्षुल्लक बाब नव्हे, असे म्हणण्यास हा एक शास्त्रीय आधार आहे.

आतापर्यंत आपण पोथीच्या वाचनाविषयी बोललो. पोथीतील अक्षरांचे, म्हणजे आनुवंशिकतेचे काय? डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली डेन्मार्कमधील दत्तक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मद्यासक्त पित्याचे मुलगे लहानपणीच दुसऱ्या घरी दत्तक गेले, तरी त्यांच्यात मद्यासक्तीचे प्रमाण इतर दत्तक मुलांच्या सुमारे चौपट होते. जुळ्यांच्या अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा की, मद्याच्या व्यसनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे निम्मा आनुवंशिक आहे. याचा अर्थ निम्मा फरक इतर कारणांनी येतो, असाही होतो. व्यसनाचे एक जनुक असे काही नाही. थोडा थोडा परिणाम करणारी शेकडो जनुके आहेत. शिवाय गुडविन यांच्या पाहणीतही मद्यासक्तांचे बहुसंख्य मुलगे मद्यासक्त झालेच नव्हते. ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याने पहिल्या पेल्याच्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक सावध राहावे, एवढाच या ज्ञानाचा उपयोग. 'रक्तातच आहे' हे वाक्य निकाल म्हणून उच्चारण्यास त्यात कोणताही आधार नाही.

मेंदूतील खुणा इतक्या चिवट असतील, तर सुटकेची आशा कोठे आहे? व्हिएतनाममधील युद्धात सुमारे एक पंचमांश अमेरिकन सैनिक अफूवर्गीय द्रव्यांच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी परत आलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तेथे व्यसन जडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के पुन्हा व्यसनात अडकले, बाकीचे नाही. ते जेथे परतले, तेथे ती रणभूमी नव्हती, ते सोबती नव्हते, स्वस्त आणि सहज मिळणारे द्रव्यही नव्हते. खूण समोर आली नाही तर ओढ जागत नाही. आपल्याकडचा रुग्ण मात्र उपचारानंतर त्याच गल्लीत, त्याच मित्रांत आणि त्याच दुकानासमोर परत येतो. म्हणून परिस्थिती बदलणे हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

आपल्या देशातील ज्यांनी हे ओळखले, त्यांच्यापैकी दोन उदाहरणे देतो. पहिले या राज्यातीलच आहे. शांती रंगनाथन यांचे पती मद्यासक्तीमुळे अकाली वारले. त्यानंतर त्यांनी १९८० साली मद्रास येथे टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने व्यसनमुक्तीचे कार्य उभे केले. व्यसन हा आजार आहे आणि तो साऱ्या कुटुंबाला होतो, ही या कार्याची बैठक आहे.

दुसरे उदाहरण येथील भोसले राजघराण्याच्या मूळ भूमीतील, म्हणजे महाराष्ट्रातील आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी मुंबई आणि पुणे येथे गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, झपाट्याने पसरले. चांदीच्या कागदावर तपकिरी भुकटी ठेवून खालून आच द्यावयाची आणि धूर ओढावयाचा, अशी त्याची रीत. लेखक अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून लेख लिहिले. ते पुढे 'गर्द' या पुस्तकात आले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी तेथेच मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. तेथील उपचारात औषधांचा भाग थोड्या दिवसांचा आहे. त्यापुढे ठरलेला दिनक्रम, श्रम, व्यायाम, गटचर्चा आणि घरी गेल्यावर पाठपुरावा यांवर भर आहे. रुग्णांच्या पत्नींनाही त्यात स्थान दिले गेले. बरे झालेले रुग्णच नव्यांना आधार देतात. त्या वेळी डेल्टा-फॉस-बीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. परंतु टर्की संपली म्हणजे आजार संपला नाही, हे या कार्यकर्त्यांनी अनुभवाने जाणले होते. प्रयोगशाळेने नंतर त्यांच्या अनुभवाला दुजोरा दिला.

बासनाची गाठ सैल होते तशी ती पुन्हा बांधताही येते. मज्जापेशींचे जोड बदलतात तसे नवेही घडतात. जुना धडा पुसला जात नाही. त्याच्यावर नवा धडा गिरवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून मी आपल्यापुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट कुटुंबांसाठी. घसरण झाली, तर तिला विश्वासघात समजू नका. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, वैद्याकडे नेतो. घरातील स्त्रियांनी मारहाण आणि अपमान निमूटपणे सोसावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था उपचाराबरोबरच झाली पाहिजे. रुग्णाची जबाबदारीही संपत नाही. आजार त्याने निवडला नसेल, परंतु उपचारासाठी दार ठोठावणे त्याच्या हाती आहे.

दुसरी गोष्ट उपचार करणाऱ्यांसाठी आणि शासनासाठी. महिनाभराच्या उपचाराने काम संपत नाही. किमान वर्षभराचा पाठपुरावा हवा, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी हवा. गरीब शेतमजूर दर पंधरवड्याला चेन्नईला जाऊ शकणार नाही. अफूवर्गीय द्रव्यांसाठी ब्यूप्रेनॉर्फिन, मद्यासाठी नाल्ट्रेक्सोन यांसारखी औषधे आज उपलब्ध आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अंमली द्रव्ये यांच्याशी निगडित मनोविकारांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे. १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातही, स्वतः होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठराविक मर्यादेत खटल्यापासून संरक्षण देणारे कलम पुढे घालण्यात आले. या तरतुदी लोकांना ठाऊक करून दिल्या पाहिजेत. तंजावरला तर रुग्णांची दीर्घ नोंद ठेवण्याची परंपरा आहे. दुसरे सरफोजीराजे यांच्या काळातील नेत्ररुग्णांची नोंदपत्रे आजही उपलब्ध आहेत. व्यसनाच्या रुग्णांची अशी चिकाटीने ठेवलेली नोंद आजच्या उपचारकेंद्रांतून दुर्मीळच असते.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. 'एकदा घेऊन पाहू' असे म्हणणाऱ्याला वाटते की, निर्णय त्याच्या हाती आहे. पहिल्या वेळी तो असतोच. प्रत्येक पुढल्या वेळी त्यातील थोडा थोडा भाग त्याच्या हातून निसटतो, आणि तो निसटत असताना त्याला जाणवत नाही. कारण ज्या मेंदूने ते जाणावयाचे, त्याच मेंदूत हा बदल घडत असतो.

या विषयातील संशोधन अद्याप चालू आहे. गाठी पुन्हा बांधणारी सुरक्षित औषधे अजून आपल्या हाती आलेली नाहीत. परंतु ती येईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. वेळ, सोबत, बदललेली परिस्थिती आणि न कंटाळता केलेला पाठपुरावा ही साधने आजही आपल्याजवळ आहेत, आणि मेंदूला नवा धडा शिकवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे.